शिक्षकांना शिकवायला मी कुठे शिकू? नवीन केंद्रप्रमुख आहे, मार्गदर्शन हवंय

रानवाट_७

नमस्कार सगळ्यांना. जरा मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा ही विनंती.

मी १९ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथी शिकवलं आणि गेल्या वर्षी पदोन्नतीने केंद्रप्रमुख झालो, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर (केंद्रावर) देखरेख आणि तिथल्या शिक्षकांना मार्गदर्शन. केंद्रात ११ शाळा, ३७ शिक्षक, त्यातल्या ७ शाळा द्विशिक्षकी, दोन वस्त्यांवर पावसाळ्यात गाडी अर्ध्यात लावून चालत जावं लागतं. कामाची तक्रार नाही, हौसेने घेतलंय हे काम. पण एक गोष्ट मनाला लागून राहिलीये ती सांगतो.

एका शाळेत दुसरी-तिसरीचा वर्ग एकत्र बसलेला, मॅडम हातच्याची वजाबाकी घेत होत्या. फळ्यावर ५२ वजा २७. वह्या बघितल्या तर निम्म्याहून जास्त मुलांचं उत्तर ३५. मला राहवलं नाही, मी मॅडमना म्हटलं द्या जरा खडू, आणि काड्यांचे गठ्ठे घेऊन पाऊण तास मीच शिकवलं. मुलं रंगली, उत्तरं यायला लागली, मलाही वर्गात परत आल्यासारखं वाटलं. मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. निघताना त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, सर तुम्ही छान घेतलंत, पण उद्या तुम्ही नसणार, मी काय करू ते नाही कळलं मला.

त्या दिवशी घरी येईपर्यंत हेच डोक्यात. दुसरी गोष्ट शिक्षण परिषदेची, म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांच्या बैठकीची. दर महिन्याला घेतो. निपुणच्या (लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणिताचा सरकारी कार्यक्रम) अध्ययन स्तरांवर मी दोन तास बोललो, पीपीटी केली होती, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पुढच्या महिन्यात शाळांवर गेलो तर कुठेही काही बदललेलं नाही. शिक्षकांना दोष देत नाही, ते मनापासून काम करणारे आहेत. मला मुलांना शिकवता येतं, मुलांना शिकवणाऱ्याला कसं शिकवायचं ते येत नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला इतक्या वर्षांनी कळतंय.

पदावर आल्यावर प्रशिक्षण झालं, नाही असं नाही. पोर्टल, अनुदानाचे हिशोब, शाळाभेटीचे नमुने, पोषण आहाराची तपासणी. पण पाठ बघून झाल्यावर शिक्षकासमोर बसून बोलायचं काय, कुठून सुरुवात करायची, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या गुरुजींना काय आणि कसं सांगायचं, हे कुणी सांगितलं नाही. विस्तार अधिकारी साहेबांना विचारलं, ते म्हणाले अनुभवाने येतं. १९ वर्षांचा अनुभव तर आहे पण तो दुसऱ्या कामाचा आहे ना.

तर इथे डाएटचे (जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था), बीआरसीचे (तालुक्याचं गटसाधन केंद्र), जुने केंद्रप्रमुख असे कुणी असतील तर सांगा, तुम्ही हे कसं शिकलात? एखादा कोर्स आहे का? आणि माझं चुकतंय की बरोबर हे मला कोण सांगणार, कारण माझा पाठ बघायला आता कुणीच येत नाही.

जुनी_पाटी

सर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी डाएटमध्ये २२ वर्षं अधिव्याख्याता होते, आता निवृत्त आहे. तुमच्या त्या मॅडमना माझा नमस्कार सांगा, त्यांनी इतकं स्वच्छ बोलून दाखवलं ते फार कमी जण दाखवतात.

आधी त्या ३५ बद्दलच बोलू. मुलांनी ५ तून २ काढले तीन, आणि ७ तून २ काढले पाच. म्हणजे वर काय आणि खाली काय ते बघायचं नाही, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचं. हा निष्काळजीपणा नाही, हा मुलांनी मनाशी बांधलेला नियम आहे आणि तो त्यांना आपणच नकळत देतो, बिनहातच्याची वजाबाकी शिकवताना "मोठ्यातून लहान वजा करायचं" असं सतत म्हणून. लहान मुलांना शिकवणाऱ्याला हे माहीत असावं लागतं. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये हीच गोष्ट मांडली की विषय येणं वेगळं, शिकवायच्या पद्धती येणं वेगळं, आणि हा विषय मुलाच्या डोक्यात कुठे अडतो ते ओळखणं हे तिसरंच ज्ञान आहे. तुमच्याकडे हे तिसरं भरपूर दिसतंय. पण तुमच्या आताच्या कामाला त्याच्यावर अजून एक थर लागतो: ही अडचण शिक्षिकेला कशी दिसतेय? त्यांना ३५ हे "सराव कमी पडला" असं दिसत असेल, तर त्या उद्या अजून दहा उदाहरणं देतील आणि मुलं दहाही चुकवतील.

म्हणून त्या दिवशी खडू मागण्याऐवजी एक वही उघडून मॅडमसमोर ठेवायची आणि विचारायचं, या मुलाने ३५ कसं काढलं असेल हो? बस. मग गप्प राहायचं. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड, हे मी स्वतःवरून सांगते. २००० नंतरची गोष्ट, प्रशिक्षणं घेण्यात मी चांगली समजले जायचे. एकदा एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी माझं सत्र टेपरेकॉर्डरवर घेतलं आणि घरी ऐकलं. चाळीस मिनिटांत तेहेतीस मिनिटं मी बोलत होते. विषय होता "विद्यार्थी कृतिशील कसे होतील". प्रश्न विचारायचे आणि कुणी तोंड उघडायच्या आत उत्तरही मीच द्यायचे. फार रडू आलं त्या रात्री. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांच्या टेप ऐकून हेच मांडलं होतं, की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तर मुलं मोठी उत्तरं देतात, गप्प बसणारी मुलंही बोलतात. ते मोठ्या माणसांनाही तितकंच लागू आहे. तेव्हापासून मी प्रश्न विचारला की मनात पाच अंक मोजायचे. सुरुवातीला ती शांतता सहन होत नाही, मग सवय होते.

शिक्षण परिषदेबद्दल. आपल्याकडे प्रशिक्षण वरून खाली झिरपत येतं. २०१९ मध्ये निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण सुरू झालं, देशभरातल्या जवळपास ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोचायचं ठरलं होतं, तेव्हा इतक्या जणांपर्यंत जायला दुसरा मार्गही नव्हता, वरच्यांनी खालच्यांना शिकवायचं आणि त्यांनी त्यांच्या खालच्यांना. पण प्रत्येक पायरीवर काय गळतं ते बघा. माहिती गळत नाही, ती पीपीटीत असते. गळतो तो "का". वरच्या पायरीवर लोक भांडतात, शंका काढतात, करून बघतात, आणि तालुक्याला पोचेपर्यंत फक्त निष्कर्ष उरतात. तुम्ही निपुणचे स्तर सांगितलेत, पण त्यापेक्षा एकाच मुलाचं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करून सगळ्यांना ऐकवलं असतं आणि हे मूल कुठल्या स्तरावर आहे यावर ३७ जणांना वाद घालू दिला असता तर ते लोकांच्या लक्षात राहिलं असतं. वाद होतोच, मी अनेकदा बघितलंय, एकाच मुलाला तीन शिक्षक तीन स्तर देतात, आणि मग खरी चर्चा सुरू होते.

तुमचा पाठ बघायला कुणी येत नाही, हे अगदी खरं दुखणं आहे. ते वरून सुटणार नाही. शेजारच्या केंद्रातला एक भला माणूस शोधा. तुम्ही शिक्षकाशी बोलत असाल तेव्हा तो कोपऱ्यात बसेल, आणि पुढच्या वेळी तुम्ही त्याच्याकडे.

दोन_गुरुजी

रानवाट सर, मी टेबलाच्या या बाजूचा माणूस आहे, द्विशिक्षकी शाळेवरचा. आमच्या बाजूने थोडं सांगतो, राग मानू नका.

साहेब आले की आधी हजेरी, मग पोषण आहाराचं रजिस्टर, तांदळाचा साठा, मग शेवटी जाता जाता दहा मिनिटं वर्ग आणि शेरेबहीत शेरा. शेरा लिहून झाला की तो कायमचा. तुम्ही कितीही प्रेमाने वर्गात आलात तरी तुमच्या हातात पेन असतं आणि आमचं लक्ष त्या पेनाकडे असतं. त्यामुळे तुम्ही असताना आम्ही जे शिकवतो ते रोजचं नसतं, तो तुमच्यासाठी बसवलेला पाठ असतो आणि मुलांनाही ते कळतं. मग तुम्ही त्या बसवलेल्या पाठावर मार्गदर्शन करता आणि आमची रोजची अडचण तशीच राहते. माझी अडचण काय तर मी पहिली-दुसरी सांभाळतो आणि जोडीदार सर रजेवर किंवा ट्रेनिंगला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. कुठल्याच ट्रेनिंगमध्ये चार वर्ग एकदम कसे चालवायचे ते आलं नाही, तिथे नेहमी एक वर्ग एक शिक्षक धरूनच सगळं शिकवतात.

मला फक्त एका केंद्रप्रमुखांची खरी मदत झाली, दहा-अकरा वर्षांपूर्वी. ते पाच आठवड्यांत तीन वेळा त्याच वर्गावर आले. पहिल्या भेटीत पेनच काढलं नाही, पोरांमध्ये बसून राहिले आणि जाताना मला विचारलं गुरुजी तुम्हाला या वर्गात सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो. मी म्हटलं पाच मुलं अक्षरं ओळखतात पण शब्द वाचत नाहीत. पुढच्या भेटीत ते म्हणाले तुम्ही त्या पाच जणांना घेऊन व्हरांड्यात बसा, बाकीचा वर्ग मी सांभाळतो. विचार करा, केंद्रप्रमुखाने माझा वर्ग सांभाळला म्हणून मला माझ्याच पाच मुलांकडे अर्धा तास नीट बघायला मिळालं. तेव्हा मला दिसलं की ती मुलं क-म-ळ अशी सुटी अक्षरं म्हणतात आणि शेवटाला येईपर्यंत पहिलं विसरतात. तिसऱ्या भेटीत आम्ही दोघांनी बसून त्यांच्यासाठी ओळखीच्या दोन-दोन अक्षरी शब्दांच्या पट्ट्या केल्या. त्या पट्ट्या अजून आहेत माझ्या कपाटात.

जुनी_पाटी मॅडमचं एक मला पूर्ण पटत नाही. शिकवून दाखवूच नका असं कृपा करून म्हणू नका. आम्हाला बघायचं असतं! नुसते प्रश्न विचारणारे साहेबही बघितलेत, "तुम्हाला काय वाटतं गुरुजी", "अजून काय करता येईल", अहो मला वाटत असतं तर मी केलं नसतं का. दाखवा, जरूर दाखवा, पण आधी सांगून दाखवा, की मी आता हा भाग घेतो तुम्ही फक्त त्या मागच्या रांगेतल्या तीन मुली काय करतात ते लिहा. मग मला बघायला काम राहतं आणि पाठ माझ्यावर उपकार केल्यासारखा होत नाही.

जुनी_पाटी

दोन_गुरुजी, तुमचं बरोबर आहे, मी एकांगी लिहिलं. नवखा शिक्षक असेल किंवा एखादी गोष्ट कधीच बघितलेली नसेल तर प्रश्न विचारून काही निघत नाही, तिथे दाखवायलाच हवं. तुम्ही सांगितलेली मागच्या रांगेची युक्ती फार चांगली आहे.

गटसाधन_वाला

मी विषय साधन व्यक्ती आहे, म्हणजे तालुक्यातल्या शिक्षकांना विषयात मदत करणारा, करारावर, गेली बारा वर्षं. इथे सगळे छान लिहितायत पण वेळेचं कुणीतरी बोला. माझ्या पदाचं नाव साधन व्यक्ती आणि गेल्या आठवड्यात पाच दिवसांतले साडेतीन दिवस मी युडायसच्या (शाळांची माहिती भरायची सरकारी ऑनलाइन नोंद) त्रुटी, आधार जुळत नाहीत त्या याद्या आणि वरून आलेल्या लिंका भरून घेणं यात घालवले. शाळेवर गेलो ते दीड दिवस. केंद्रप्रमुखांचंही तेच. रानवाट सर, तुमच्या मनात जे आहे ते खरं आहे पण त्यासाठी आठवड्यातला एक ठरलेला दिवस तुम्ही स्वतः राखलात तरच होईल, मागून मिळणार नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. आमच्या बीआरसीत आम्ही चौघं आणि दोन केंद्रप्रमुख असे सहा जण दर दुसऱ्या शनिवारी दुपारी काम संपल्यावर दोन तास बसतो. कुणाचा आदेश नाही, प्रवासभत्ता नाही, चहा आपापल्या पैशाने. पद्धत अशी की एकाने गेल्या पंधरवड्यातला शिक्षकाबरोबरचा एक संवाद मांडायचा, मी काय विचारलं, ते काय म्हणाले, मी मग काय बोललो, शक्यतो शब्दशः. शिक्षकाचं आणि शाळेचं नाव घ्यायचं नाही. बाकीच्यांनी आधी वीस मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. ही अट पाळायला आम्हाला चार महिने लागले कारण आपण सगळे मास्तर, ऐकल्या ऐकल्या सांगायला सुरू करतो. पण आता दोन वर्षं चाललंय, आणि मी खात्रीने सांगतो की बारा वर्षांत जेवढं शिकलो नाही तेवढं या शनिवारांत शिकलो. उदाहरणार्थ मला कळलं की मी स्त्री शिक्षकांशी बोलताना जास्त सल्ले देतो आणि पुरुष शिक्षकांशी बोलताना जास्त ऐकून घेतो. हे मला कुठल्या कोर्सने सांगितलं असतं?

कोर्सचं विचारलंत म्हणून. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्राथमिक शिक्षणातला एमए २००६ मध्ये सुरू झाला तो नोकरी करणाऱ्यांसाठीच बेतलेला होता, थोडे दिवस मुंबईत आणि बाकी आपल्या जागेवरून. आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी तो केला, त्यांच्या बोलण्या-बघण्यात फरक पडलेला मी जवळून पाहिलाय. आता काय स्वरूपात चालू आहे ते चौकशी करून घ्या. मराठीतून सुरुवातीच्या वाचन-लेखनाबद्दल खोलात जायचं असेल तर पालघर जिल्ह्यात सोनाळ्याची क्वेस्ट आणि फलटणची प्रगत शिक्षण संस्था यांचं काम जाऊन बघा, गणित-विज्ञानासाठी मानखुर्दचं होमी भाभा केंद्र. जाऊन बघा म्हणतोय ते मुद्दाम, नुसते व्हिडिओ बघू नका, त्यांचे लोक शिक्षकांशी कसे बोलतात ते बघायचंय आपल्याला.

एक गोष्ट मला फार खटकते ती इथे लिहून टाकतो. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात प्रत्येक शिक्षकाने आणि मुख्याध्यापकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकास करावा असं आहे. त्या ५० तासांत त्यांच्यासमोर उभा राहणारा माणूस कोण, त्याचे किती तास? त्याच्या आधी २०१२ मध्ये न्यायमूर्ती वर्मा आयोगाने शिक्षक घडवणाऱ्यांच्या स्वतःच्या शिक्षणाची कायमची व्यवस्था हवी असं सांगितलं होतं. तो आयोग सुप्रीम कोर्टाने नेमला तेव्हा मूळ प्रकरण आपल्याच राज्यातल्या २९१ डीएड कॉलेजांच्या मान्यतेचं होतं, म्हणजे ही गोष्ट तर आपल्याला सगळ्यात आधी पटायला हवी होती.

हडसनकाठची_मावशी

मी मूळची साताऱ्याची, इकडे न्यू जर्सीत एका प्राथमिक शाळेत मॅथ कोच आहे. म्हणजे मुलांना नाही, शिक्षकांना गणित शिकवायला मदत करणं हीच पूर्णवेळ नोकरी. धागा वाचून राहवलं नाही.

इथे सगळं सोन्याचं आहे असं अजिबात नाही, पण एक नियम मला फार मोलाचा वाटतो: कोच मूल्यमापन करत नाही. मी शिक्षिकेच्या वर्गात जे बघते ते मुख्याध्यापकांना सांगत नाही, त्यांनी विचारलं तरी नाही. तेवढ्या एका गोष्टीमुळे बायका मला आपणहून वर्गात बोलावतात की ये आणि बघ, माझा अपूर्णांकांचा तास वाया जातोय. तुमच्याकडे केंद्रप्रमुखाला दोन्ही करावं लागतं हे मला माहितीये, माझे वडीलही प्राथमिक शिक्षक होते. पण दिवस तर वेगळे करता येतील ना? तपासणीचा दिवस वेगळा, मदतीचा वेगळा, आणि मदतीच्या दिवशी रजिस्टरला हातच लावायचा नाही. पोषण आहाराचं बघायला दुसऱ्या दिवशी परत या.

दुसरं म्हणजे आम्ही पाठाच्या आधी बसतो. दहा मिनिटं का होईना. आज काय शिकवणार, मुलं कुठे अडतील असं वाटतं, मी नेमकं काय बघू? मग पाठ, मग त्याच दिवशी बोलणं. आधी न बसता नुसतं नंतर बोललं की ते चुका काढणंच होतं, कितीही गोड बोला. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८० च्या दशकात हे बऱ्याच ठिकाणी बघून मांडलं, की ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं आणि बघितलेलं वर्गात फारसं उतरत नाही, वर्गात कुणी सोबत राहून करून घेतलं तरच उतरतं. आणि सोबत राहणारा माणूस वरिष्ठच असला पाहिजे असं नाही, बरोबरीचा शिक्षक चालतो. ३७ शिक्षकांना तुम्ही एकटे पुरणार नाही, म्हणून त्यांच्या जोड्या लावून द्या.

जपानमध्ये शाळाशाळांतून एक पद्धत पिढ्यान्पिढ्या चालते, चार-सहा शिक्षक मिळून एकच पाठ बांधतात, एक जण शिकवतो, बाकीचे भिंतीला टेकून मुलं काय करतात ते लिहितात, आणि नंतर चर्चा होते ती पाठावर, शिकवणाऱ्यावर नाही. पाठ सगळ्यांचा असल्यामुळे फसला तर सगळ्यांचा फसतो. तुमची शिक्षण परिषद तर शाळेतच भरते. तिथे मुलं असताना सकाळी हे करून बघा ना.

जुनी_पाटी

मावशींनी शेवटी लिहिलंय ते वाचून जे. पी. नाईक आठवले. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे, म्हणजे राष्ट्रीय शिक्षण आयोगाचे, ते सदस्य-सचिव, आपल्या कोल्हापूरकडचे, गारगोटीला काम केलेले. जवळपासच्या शाळांनी एकमेकींना शैक्षणिक आधार द्यायचा ही शाळा संकुलाची कल्पना त्याच आयोगाने मांडली. केंद्र म्हणजे मुळात ते असायला हवं. ११ शाळांची एकमेकींशी ओळख व्हावी, त्यांच्यातल्या चांगल्या गोष्टी इकडून तिकडे जाव्यात. रानवाट सर, तुम्ही सगळ्यात हुशार असायची गरज नाही हो, तुमच्या केंद्रात कुठल्या शाळेत काय चांगलं चाललंय हे तुम्हाला सगळ्यात जास्त माहीत असलं पाहिजे.

रानवाट_७

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लागले कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

त्या मॅडमकडे परत गेलो. बुधवार मदतीचा दिवस ठरवलाय, त्या दिवशी शेरेबही मागत नाही, पहिल्या बुधवारी मुख्याध्यापक दोनदा बही घेऊन आले, दोनदा परत पाठवली. मॅडमसमोर वही ठेवली आणि विचारलं ३५ कसं आलं असेल. त्या आधी म्हणाल्या सराव कमी पडतोय, अगदी जुनी_पाटी मॅडमनी लिहिलं होतं तेच. मी पाचपर्यंत मोजलं. मग त्यांनी दुसरी वही घेतली, तिसरी घेतली, आणि म्हणाल्या, थांबा सर, हे सगळे सात मधून दोन काढतायत. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनीच पुढे सुचवलं की आधी मुलांना विचारते, २ रुपये आहेत त्यातून ७ रुपये देता येतील का. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी काड्यांनी घेतलं, मी फक्त एका मुलाशेजारी बसून होतो. तो गठ्ठा सोडवताना स्वतःशीच म्हणत होता, आता बारा झाले, आता सात जातील. मॅडमना मी तेवढंच जसंच्या तसं लिहून दिलं.

सगळीकडे असं झालं नाही. एका ज्येष्ठ गुरुजींकडे मी तोच प्रश्न विचारायला गेलो तर ते म्हणाले, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत, मला काय शिकवायचंय ते सांगून टाका, मी लिहून घेतो. तिथे काय करायचं ते अजून सुचलं नाही, पण परवा त्यांना विचारलं की तुमच्या वर्गातली मुलं कविता इतक्या सुंदर म्हणतात ते कसं बसवता, तर तासभर बोलले. पुढच्या परिषदेत ते त्यांनी सगळ्यांना दाखवावं असं म्हणतोय. हो-नाही काही बोलले नाहीत अजून.

परिषदेचं सांगतो. ३७ जण एका वर्गात मावणार नव्हते म्हणून सहा जणांनी मिळून पाठ बांधला, एकीने शिकवला, पाच जणांनी मुलं बघितली, बाकीच्यांसाठी मोबाईलवर रेकॉर्ड करून दुपारी दाखवला. पाठ पूर्ण झाला नाही, घंटा झाली तेव्हा अर्ध्यावर होता. पण दुपारी पहिल्यांदाच मला पीपीटी लागली नाही. दोन_गुरुजी म्हणाले तसं प्रत्येकाला बघायला एक-एक काम दिलं होतं, तेही उपयोगी पडलं.

शेजारच्या केंद्राच्या मॅडम दोन वेळा येऊन माझं बोलणं ऐकून गेल्या. त्यांनी सांगितलं की मी "पण" हा शब्द फार वापरतो, छान घेतलंत पण, मुलं रमली पण, आणि शिक्षक पणच्या पुढचंच ऐकतात. मोबाईलवर स्वतःला ऐकलं तर खरंच तसं आहे. त्यावर काम चालू आहे.

आता एक अडचण राहिली. बुधवारी शेरा लिहीत नाही, तर महिन्याच्या अहवालात त्या भेटी शून्य दिसतात आणि मला विचारणा होणार. काय लिहू?

गटसाधन_वाला

शेरा लिहा सर, पण तुम्ही आणि शिक्षक दोघांनी मिळून. आम्ही तीन ओळी लिहितो: आज काय बघायचं ठरलं होतं, मुलांनी काय केलं, पुढच्या भेटीत दोघं मिळून काय करणार. खाली दोघांच्या सह्या. "शिक्षकांनी सुधारणा करावी" हे वाक्य कुठेही येऊ द्यायचं नाही. अहवालात भेट मोजली जाते आणि आजपर्यंत कुणी हरकत घेतलेली नाही.

दोन_गुरुजी

आणि लिहिलेलं आधी आम्हाला वाचून दाखवा. तुमचं अक्षर लागलं नाही तरी चालेल, काय लिहिलंय ते आमच्या कानावर पडलं की पुढच्या बुधवारी दार उघडं असतं.

रानवाट_७

हे उद्यापासूनच करतो. उद्या बुधवारच आहे, वरच्या वस्तीची शाळा आहे, सकाळी सातला निघणार.